पांढऱ्या तंतूंचा दगड : जिप्सम की झिओलाइट?

जव्हार-मोखाड्याच्या काळ्या कातळातील पोकळ्यांत पांढरी, सुईसारख्या तंतूंची खनिजे आढळतात. त्यांच्या रेशमी चमकीमुळे शाळेच्या संग्रहात 'तंतुमय जिप्सम' अशी चिठ्ठी लागणे सहज शक्य आहे. पण जिप्सम मुख्यतः खारे पाणी आटून तयार होते. भारतात ते बहुतांशी राजस्थानात निघते. बेसॉल्टच्या पोकळीतील तंतू बहुधा स्कोलेसाइट, मॉर्डेनाइट अशा झिओलाइटांचे असतात.

मग ओळखायचे कसे? परीक्षानळीत तापवून उपयोग नाही, कारण पाणी दोन्हींतून निघते. जिप्सममध्ये वजनाच्या सुमारे २१ टक्के पाणी असते. १५० अंश सेल्सिअसच्या आसपास त्यातले पाऊण पाणी जाऊन प्लास्टर ऑफ पॅरिस उरते. पाण्यात कालवले की त्याचे पुन्हा जिप्सम होते आणि ते घट्ट बसते. हाडाचे प्लास्टर, मूर्ती आणि फळ्यावरचा खडूही याच गुणावर! अनेक झिओलाइटांचा सांगाडा मात्र पाणी गेले तरी टिकतो.

आम्ही नखाची कसोटी सुचवू. जिप्समचा कठिणपणा २, त्यावर नखाने ओरखडा उठतो. स्कोलेसाइटचा ५ ते ५.५, त्यावर उठत नाही. यासाठी जाड, भरीव तुकडा घ्यावा; कापसासारखे तंतू नुसते मोडतात.

नमुना कुटून पूड मात्र करू नये. एरिओनाइट या तंतुमय झिओलाइटच्या धुळीमुळे तुर्कस्तानातील काही गावांत फुफ्फुसाच्या आवरणाचा कर्करोग पसरला होता.