फरक वाचणाऱ्या तारा

संगणकाला बाहेरची उपकरणं जोडणारी केबल लांब झाली की संदेश बिघडतात. तार जाड करावी, व्होल्टेज वाढवावा, असं सहज सुचतं. पण मूळ दोष मोजण्याच्या रीतीत आहे. 1986 साली प्रमाणित झालेली ‘स्कझी’ बस घ्या. हार्ड डिस्क, स्कॅनर जोडणाऱ्या या बसच्या साध्या, म्हणजे सिंगल-एंडेड, प्रकारात प्रत्येक संदेशाला एकच तार असते आणि तिचा व्होल्टेज सामाईक ग्राउंडशी ताडून पाहतात: 0.8 व्होल्टच्या खाली एक अर्थ, 2 च्या वर दुसरा. दोन्ही टोकांचं ग्राउंड एका पातळीवर राहीलच याची खात्री कोण देणार? म्हणून ही केबल फार तर 6 मीटर. वेग दुप्पट केला की 3.

डिफरन्शियल पद्धतीत संदेशाला पीळ दिलेली जोडी मिळते. एका तारेचा व्होल्टेज चढतो तेव्हा दुसरीचा उतरतो, आणि पलीकडे फक्त दोघींतला फरक वाचतात. भरतीत शेजारच्या दोन होड्या सारख्याच वर येतात, तसा बाहेरचा गोंगाट दोन्ही तारांवर जवळपास सारखाच चढतो आणि वजाबाकीत निघून जातो. त्यामुळे स्कझीची केबल 25 मीटरपर्यंत नेता आली.

जुनी उपकरणं अशा केबलवर आणायला मध्ये परिवर्तक लागतो, आणि खरं कौशल्य तिथे आहे. बस वापरात आहे हे सांगणारी ‘बिझी’ ही तार कोणतंही उपकरण खाली ओढू शकतं. परिवर्तकाने डावीकडची ओढ उजवीकडे पोचवली आणि तीच उजवीकडची समजून परत डावीकडे पाठवली, तर बस कायमची अडकते. ओढ आधी कुठून आली, हे त्याला लक्षात ठेवावंच लागतं.

तारा दुप्पट म्हणजे खर्चही दुप्पट, हा आक्षेप इथे फारसा टिकत नाही. साध्या स्कझीच्या 50 तारांच्या केबलमध्येही बहुतेक प्रत्येक संदेशाशेजारी ग्राउंडची तार होतीच. जोडी त्याच जागेत बसली. महाग होत्या त्या जास्त व्होल्टेज हाताळणाऱ्या वेगळ्या चिप. पुढे कमी व्होल्टेजच्या प्रकाराने ते काम मुख्य चिपमध्येच आणलं. केबल मात्र 12 मीटरवर आली, आणि घरातल्या, कचेरीतल्या उपकरणांना तेवढी पुष्कळ होती. हार्ड डिस्कच्या केबलमध्ये हिशेब आणखी स्पष्ट दिसतो. जुन्या समांतर एटीएच्या वेगवान प्रकाराला 80 तारांची, 45 सेंटीमीटरची पट्टी लागे. तिच्या जागी आलेल्या साटाला सातच तारा पुरतात, दोन जोड्या आणि तीन ग्राउंड, आणि केबल मीटरभर चालते.