हृदयाचा पंप आणि रक्ताची गुठळी

फिरत्या यंत्राशी ज्याचा संबंध आला आहे त्याला बेअरिंग म्हणजे काय ते सांगावे लागत नाही. जिथे घर्षण तिथे ऊब, आणि घाण धरते तीही बहुधा तिथेच. हृदय थकलेल्या माणसाच्या छातीत जो यांत्रिक पंप बसवतात, त्याचे एक दुखणे हेच निघाले.

हा पंप हृदयाच्या डाव्या कप्प्यातले रक्त ओढून महाधमनीत ढकलतो. वीज मिळते ती कमरेच्या बॅटरीतून, पोटाबाहेर आलेल्या तारेने. पण परक्या वस्तूला लागले किंवा एखाद्या कोपऱ्यात रेंगाळले की रक्त गोठू पाहते. जखमेवर हाच गुण आपला प्राण वाचवतो. पंपात गुठळी धरली की तांबड्या पेशी चिरडतात, लघवी काळपट होते, पंप जास्त वीज खातो. तुकडा सुटून मेंदूत गेला तर अर्धांगवायू.

'हार्टमेट २' हा पंप माणकाच्या बेअरिंगवर मिनिटाला आठ-दहा हजार फेरे घेई. अमेरिकेतील तीन रुग्णालयांनी ८३७ रुग्णांच्या नोंदी एकत्र करून २०१४ साली दाखवले, की पहिल्या तीन महिन्यांत गुठळी होण्याचे प्रमाण मार्च २०११ पूर्वी शेकडा २.२ होते, ते जानेवारी २०१३ पर्यंत ८.४ झाले. अपघात मोजताना आम्हा संघटनावाल्यांचा अनुभव असाच आहे. एका खात्यात बोट तुटले तर तो योगायोग ठरतो. पाच खात्यांच्या वह्या जोडल्या की यंत्राकडे बघावे लागते.

पुढच्या 'हार्टमेट ३' मध्ये बेअरिंगच नाही. चक्र चुंबकाच्या बळावर अधांतरी फिरते आणि आतले रक्त साचू नये म्हणून ठरावीक अंतराने वेग बदलते. २०१९ च्या १०२८ रुग्णांच्या अहवालात, दोन वर्षांत पंपात गुठळी झाल्याचा संशय जुन्यात शेकडा १३.९ जणांत होता, नव्यात १.४.

तरी वॉरफरिनची गोळी सुटली नाही. हे औषध १९४८ मध्ये उंदीर मारायला बाजारात आले आणि १९५४ पासून माणसांना मिळू लागले! मात्रा कमी पडली तर गुठळी, वाढली तर रक्तस्राव. म्हणून वरचेवर 'आयएनआर' तपासणी लागते. आपल्याकडे पंपवाले विरळा, पण सांधेतापाने हृदयाची झडप बिघडून यांत्रिक झडप बसवलेले पुष्कळ, आणि त्यांनाही हीच गोळी जन्मभर घ्यावी लागते. टाकळा, माठ, शेवग्याचा पाला यांतील 'के' जीवनसत्त्व तिच्याविरुद्ध काम करते. भाजी सोडू नये. पावसाळ्यात रोज टाकळा आणि पुढे महिनाभर काहीच नाही, असे मात्र करू नये. अंगदुखीची गोळी दुकानातून परस्पर घेऊ नये.

तपासणी चुकते ती बहुतेक वेळा विसरून नव्हे, तर गाडीभाडे आणि बुडालेला रोज यांमुळे. त्या दिवशी भरपगारी रजा मिळावी, ही मागणी आम्ही धरून बसलो आहोत ती याचसाठी.