पुण्यातील एक भाषण आणि सार्वजनिक विवेक

लोकशाहीची चर्चा आपल्याकडे बहुधा निवडणुकीपासून सुरू होते आणि निवडणुकीपाशीच संपते. २२ डिसेंबर १९५२ रोजी बाबासाहेब आंबेडकर पुण्याच्या जिल्हा विधी ग्रंथालयात वकिलांपुढे बोलले. पहिली सार्वत्रिक निवडणूक त्याच वर्षी होऊन गेली होती आणि तीत ते स्वतः पराभूत झाले होते. तरी त्यांनी मतपेटीचे रडगाणे गायले नाही. लोकांच्या आर्थिक-सामाजिक जीवनात रक्तपाताविना क्रांतिकारक बदल घडविणारी राज्यपद्धती ती लोकशाही, अशी व्याख्या करून त्यांनी ती टिकण्याच्या अटी सांगितल्या. समाजात टोकाची विषमता नको. विरोधी पक्ष हवा. कायदा आणि कारभार यांत समान वागणूक हवी. संविधानिक नीती पाळली जावी. बहुमताने अल्पमताची गळचेपी करू नये. समाजाला नीतीची चाड असावी. आणि सार्वजनिक विवेक जागा असावा.

विरोधी पक्षाची अट पांढरपेशा पुण्याला १९७५ साली कळली. येरवड्याच्या तुरुंगात राजबंदी आले, वर्तमानपत्रांवर सेन्सॉर बसला. आमच्या वस्तीत तर कायमचीच आणीबाणी, तिचे आम्हाला काय, असे म्हणणारे आपल्यात आजही भेटतात. हे बोलणे दुःखातून येते. पण मला ते फसवे वाटते. ज्याच्यापाशी जमीन नाही, वशिला नाही, त्याच्यापाशी कायद्याखेरीज दुसरे आहे काय? न्यायालयाचे दार बंद झाले तर वाड्यातला माणूस मागल्या दाराने सुटेल. आपल्या घरांना मागले दार नसते.

तथापि माझ्या मते त्या भाषणाचा गाभा शेवटच्या अटीत आहे. अन्याय कोणावरही होवो, ज्याला त्याची झळ लागलेली नाही त्यानेही पेटून उठणे, हा बाबासाहेबांच्या लेखी सार्वजनिक विवेक. दक्षिण आफ्रिकेत हिंदी लोकांच्या लढ्यात उतरलेल्या गोऱ्यांचे उदाहरण देऊन, इथल्या स्पृश्यांत असे किती, हा सवाल त्यांनी केला.

पुण्याला हा सवाल नवा नव्हता. १३ ऑक्टोबर १९२९ रोजी शिवराम जानबा कांबळे यांच्या पुढाकाराने पर्वतीच्या मंदिरप्रवेशाचा सत्याग्रह सुरू झाला आणि सनातन्यांच्या जमावाने सत्याग्रहींवर दगड फेकले. एस. एम. जोशींसारखे मोजके स्पृश्य तरुण सत्याग्रहींच्या बाजूने उभे राहिले. बाकीचे शहर बघत राहिले. त्या दगडफेकीला आपण धार्मिक तंटा म्हणतो. माझ्या मते ती राजकीय हिंसाच होती, कारण माणसाने नागरिक होऊ नये एवढाच तिचा हेतू होता.

२० ऑगस्ट २०१३ रोजी सकाळी फिरायला निघालेल्या डॉ. नरेंद्र दाभोलकरांवर ओंकारेश्वराजवळच्या पुलावर गोळ्या झाडल्या गेल्या. या पुलाला महर्षी विठ्ठल रामजी शिंदे यांचे नाव आहे, ज्यांनी १९०६ साली डिप्रेस्ड क्लासेस मिशन काढले त्यांचे! हत्येनंतर चारच दिवसांत, वर्षानुवर्षे रखडलेल्या जादूटोणाविरोधी कायद्याचा वटहुकूम निघाला. १० मे २०२४ रोजी पुण्याच्या विशेष न्यायालयाने गोळ्या झाडणाऱ्या दोघांना जन्मठेप दिली, तिघांना निर्दोष सोडले, आणि सूत्रधारांपर्यंत तपास पोचला नाही हेही नोंदविले. मधल्या काळात कित्येक वर्षे दर महिन्याच्या २० तारखेला माणसे त्या पुलावर जमत राहिली. बाबासाहेब म्हणत होते तो विवेक, काही अंशी का होईना, येथे दिसतो.

दाभोलकर अखेरच्या महिन्यांत जातपंचायतींच्या जुलमाविरुद्ध लढत होते, हे मात्र त्या पुलावरच्या भाषणांतही क्वचितच ऐकू येते. सामाजिक बहिष्काराविरुद्ध महाराष्ट्राने २०१६ साली कायदा केला आणि २०१७ पासून तो लागूही झाला. पण बहिष्कृत कुटुंबाला फिर्याद द्यायची झाली तर साक्षीदार लागतो. तो पुण्याहून नेता येत नाही. बहिष्कार घालणाऱ्यांच्याच आळीतून कोणी तरी उठून पोलीस ठाण्यापर्यंत यावे लागते.