मुलांची कारक कौशल्ये मोजणाऱ्या कसोट्या: गैरसमज आणि वस्तुस्थिती

धावणे, उडी मारणे, चेंडू झेलणे, तोल सांभाळणे अशा हेतुपूर्वक हालचालींवरील प्रभुत्वाला कारक कौशल्य म्हणतात. साहित्य, सूचना आणि गुणदानाची रीत आधीच ठरवून दिलेली प्रमाणित कसोटी घेतली की या कौशल्याचे निर्विवाद मोजमाप हाती येते, असा समज पालकांइतकाच शिक्षकांतही आढळतो.

अशा सर्व कसोट्या एकच गोष्ट मोजतात, हे मुळात खरे नाही. अमेरिकेत डेल उलरिच यांनी १९८५ मध्ये प्रसिद्ध केलेली ‘टेस्ट ऑफ ग्रॉस मोटर डेव्हलपमेंट’ ही कसोटी हालचाल कशी झाली ते पाहते. चेंडू फेकताना फेकणाऱ्या हाताच्या विरुद्ध बाजूचा पाय पुढे पडला, तर त्या निकषाचा एक गुण मिळतो, अन्यथा शून्य. याउलट ‘मूव्हमेंट असेसमेंट बॅटरी फॉर चिल्ड्रेन’ या कसोटीच्या २००७ च्या आवृत्तीत दहापैकी किती फेकी चटईवर पडल्या हे मोजले जाते. त्यामुळे जागचे न हलता अचूक नेम साधणारे मूल एकीत मागे पडते आणि दुसरीत चमकते, आणि यात कोणतीही कसोटी चुकलेली नसते.

दोन परीक्षकांच्या गुणांत उच्च सहसंबंध, म्हणजे एकाचे गुण वाढतात तसे दुसऱ्याचेही वाढण्याची प्रवृत्ती, दिसला की त्यांचे एकमत झाले असे मानणे हा अधिक फसवा गैरसमज होय. एक परीक्षक प्रत्येक मुलाला दुसऱ्यापेक्षा नेमके ५ गुण जास्त देत असेल, तर सहसंबंध पूर्ण, म्हणजे १ येईल, परंतु एकाही मुलाच्या गुणांवर दोघांचे एकमत नसेल. ब्लँड आणि ऑल्टमन या संख्याशास्त्रज्ञांनी १९८६ मध्ये गुणांतील प्रत्यक्ष फरक तपासण्याचा आग्रह धरला तो याच कारणाने. तरीही केवळ सहसंबंधावर विसंबणारे अहवाल आजही लिहिले जातात, हे खेदजनक आहे. शिवाय एकमत साधले तरी सिद्ध होते ती विश्वसनीयता, म्हणजे निष्कर्षातील सातत्य. जे मोजायचे तेच मोजले गेले की नाही, ही सप्रमाणता स्वतंत्रपणे तपासावी लागते.

परदेशी मानके, म्हणजे तुलनेसाठी ठरवलेली वयानुरूप गुणपातळी, सर्वत्र लागू पडतात असेही नाही. उलरिच यांच्या कसोटीतील एका कृतीत आधारावर स्थिर ठेवलेला चेंडू बेसबॉलच्या धर्तीवर दोन्ही हातांनी टोलवायचा असतो, तर गल्लीत क्रिकेट खेळणाऱ्या मुलाला टप्पा पडून येणाऱ्या चेंडूची सवय असते. भारतीय मानके असलेले, प्रमिला फाटक यांच्या बडोद्यातील कार्यातून आलेले ‘डासी’ हे साधन उपलब्ध आहे, परंतु ते केवळ ३० महिन्यांपर्यंतच्या बालकांसाठी आहे.

प्रत्येक गुणासोबत काही मापनत्रुटी असते आणि कृतींचा सराव झाल्यानेही दुसऱ्या वेळी गुण वाढतात. म्हणून एखाद्या प्रशिक्षण शिबिरानंतर वाढलेले दोन-चार गुण त्या त्रुटीच्या मर्यादेबाहेर आहेत हे दाखवल्याशिवाय ती प्रगती मानणे निराधार ठरते.