कॅप राउंडचा श्रावण

जुलै सरत आला की धुळे जिल्ह्यातल्या शिरपूर तालुक्यात कपाशीच्या निंदणीला मजूर मिळेनासे होतात. त्याच दिवसांत, ज्या घरात बारावी विज्ञान झालेलं पोर आहे, त्या घराचा जीव राज्य सीईटी कक्षाच्या संकेतस्थळावर टांगलेला असतो. बाप शेतात, मुलगा माडीवर नेटवर्क शोधत, आई स्वयंपाकघरात आणि मामा पिंपरी-चिंचवडला, पण चौघांच्या फोनवर पान एकच उघडलेलं. रस्त्यात भेटणारा आधी पावसाचं विचारत नाही, विचारतो : ‘नंबर लागना का?’

शिरपूरला हा प्रश्न जरा विचित्रच वाटायला हवा, कारण हे गाव स्वतःच इंजिनीअरिंगचं गाव आहे. शहादा रस्त्यावर निमझरी नाक्याजवळ आर. सी. पटेल तंत्रज्ञान संस्था २००१ पासून आहे. मुंबई-आग्रा महामार्गालगत, तापीकाठी बाभुळद्याला एनएमआयएमएस या अभिमत विद्यापीठाचा परिसर २००७ पासून आहे, आणि तिथे परराज्यांतली मुलं बॅगा घेऊन उतरतात. म्हणजे देशभरातले पालक आपलं लेकरू शिरपूरला सोडायला येतात आणि शिरपूरचे पालक रात्रीच्या ट्रॅव्हल्सने पुण्याला निघतात. दोघांनाही यात काही चुकतंय असं वाटत नाही.

खानदेशाच्या दृष्टीने ही चैन तशी अलीकडची. १९८३ साली वसंतदादा पाटलांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना वाट मोकळी केली. त्याआधी पदवीचं इंजिनीअरिंग म्हणजे गाव सोडणं. १९८३ मध्येच जळगावजवळ बांभोरीचं महाविद्यालय सुरू झालं, १९८४ मध्ये धुळ्याचं एसएसव्हीपीएस, आणि जळगावला शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय यायला १९९६ उजाडलं. आजच्या अर्जदाराच्या आजोबांपुढे प्रश्न होता तो जागा आहे का एवढाच. नातवापुढे जागा भरपूर आहेत. त्यातली कोणती, आणि ती कधी कळणार, यावर त्याची झोप उडालेली आहे.

वाट पाहणं सुरू होतं जानेवारीत. जेईई मेनचं पहिलं सत्र जानेवारीत, मग बारावीची बोर्डाची परीक्षा, एप्रिलमध्ये जेईईचं दुसरं सत्र, एप्रिल-मेमध्ये एमएचटी-सीईटी, जूनमध्ये निकाल. मग नोंदणी, कागदपत्रांची तपासणी, तात्पुरती गुणवत्ता यादी, हरकती, अंतिम यादी आणि त्यानंतर कुठे कॅपची, म्हणजे केंद्रीभूत प्रवेश प्रक्रियेची, ती पहिली फेरी. या साखळीतली एक कडी अडली की पुढचं सगळं अडतं. २०२५ मध्ये २७ एप्रिलच्या एका सत्रात गणिताच्या तब्बल २१ प्रश्नांत चुका निघाल्या आणि सुमारे २७ हजार मुलांना ५ मे रोजी पुन्हा परीक्षेला बसावं लागलं. २०२० ची गोष्ट तर वेगळीच. कोरोनामुळे सीईटी ऑक्टोबरात झाली, निकाल नोव्हेंबरच्या अखेरीस लागला आणि प्रवेशाच्या फेऱ्या २०२१ च्या जानेवारीत चालल्या. त्या बॅचच्या घरांत कपाशी वेचून, विकून झाली तरी पोराचा नंबर लागायचाच होता.

निकालाच्या दिवशी घरात येतो तो गुण नसतो, पर्सेंटाइल असतं, आणि आजी-आजोबांचा गोंधळ तिथून सुरू होतो. ‘सत्त्याण्णव पडले’ असं ऐकून पेढे वाटले जातात. प्रत्यक्षात ९७ पर्सेंटाइलचा अर्थ शंभरातल्या साधारण तिघांचे गुण आपल्यापेक्षा जास्त, इतकाच आहे. परीक्षा अनेक दिवस, अनेक सत्रांत होते, प्रश्नपत्रिका वेगवेगळ्या असतात, म्हणून ज्या त्या सत्रातल्या मुलांची आपसात तुलना करून हा आकडा काढतात. भौतिक, रसायन आणि गणित या गटाला २०२५ मध्ये चार लाखांहून जास्त मुलं बसली होती. म्हणजे एक पर्सेंटाइल सरकलं की चार हजारांवर मुलं पुढे किंवा मागे. आकडा दशांशचिन्हापुढे सात घरांपर्यंत देतात ते उगाच नाही. तरीही दोघे बरोबरीत आले तर विषयांचे पर्सेंटाइल एकेक करून पाहिले जातात.

पण शिरपूरच्या मुलासाठी खरा खेळ पर्सेंटाइलच्या पुढे आहे, आणि तो अनेक घरांत फार उशिरा कळतो. गेल्या वर्षीच्या कटऑफच्या यादीत ‘जीओपीईएनएच’, ‘एलओपीईएनओ’, ‘जीओपीईएनएस’ असली अक्षरं असतात. पहिलं अक्षर सर्वसाधारण की मुलींसाठी राखीव ते सांगतं, मधली अक्षरं प्रवर्ग सांगतात. शेवटच्या अक्षराकडे कुणी बघत नाही. एच म्हणजे गृह विद्यापीठ, ओ म्हणजे गृह विद्यापीठाबाहेरचे, एस म्हणजे राज्यस्तर. धुळे, जळगाव आणि नंदुरबार हे तीन जिल्हे कवयित्री बहिणाबाई चौधरी उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाच्या क्षेत्रात येतात. इथे बारावी झालेल्या मुलाला इथल्या खाजगी महाविद्यालयांत ७० टक्क्यांच्या वाट्यात जागा मिळते. पुण्याच्या पीआयसीटीसारख्या खाजगी महाविद्यालयात मात्र तो बाहेरचा ठरतो, आणि उरलेल्या ३० टक्क्यांसाठी जळगाव, लातूर, नागपूर, कोल्हापूर सगळ्यांशी त्याची गाठ पडते. पुण्याच्या सीओईपी किंवा मुंबईच्या व्हीजेटीआयसारख्या संस्थांत राज्यस्तराची ओळ असते, तिथे गाव आडवं येत नाही. पुण्याच्या एखाद्या महाविद्यालयाची एच असलेली ओळ पाहून ‘आपलं होऊन जाईल’ म्हणत निर्धास्त बसलेले बाप दर वर्षी निघतात. दोष त्यांचा नाही. ती अक्षरं उलगडून सांगायला त्यांच्या घरात आधी कुणी इंजिनीअर झालेलं नसतं.

मग कागदपत्रं. शिरपूर विधानसभा मतदारसंघ अनुसूचित जमातींसाठी राखीव आहे. सातपुड्याच्या पायथ्याच्या पाड्यांवरून येणाऱ्या पावरा, भिल्ल मुलांना जातीचा दाखला पुरत नाही, जात वैधता प्रमाणपत्र लागतं. त्यासाठी आजोबा-पणजोबांच्या शाळेच्या नोंदी शोधाव्या लागतात. ज्या घरात शाळेत जाणारी ही पहिलीच पिढी, तिथे पणजोबांचा दाखला कुठून आणायचा? ओबीसीच्या घरात नॉन-क्रीमीलेयरची तारीख उलटून गेलेली असते, आणि ती नेमकी नोंदणीच्या आठवड्यात सापडते. सेतू केंद्रापुढच्या रांगेत अनोळखी बाप एकमेकांना उत्पन्नाच्या दाखल्याचे बारकावे समजावत असतात. अर्जासोबत वैधतेच्या प्रस्तावाची पावती चालते, मुदतीही वाढवून मिळतात. पण मूळ प्रमाणपत्र वेळेत आलं नाही की राखीव जागा हातची जाते. वाट पाहण्याचा हा सगळ्यात कडू प्रकार. गुण आहेत, जागा आहे, अडलंय ते एका सहीवर.

मुलींच्या बाबतीत मात्र २०२४ पासून घरातल्या चर्चेचा सूर बदलला. त्या वर्षी ८ जुलैला निघालेल्या शासन निर्णयाने ईडब्ल्यूएस, एसईबीसी आणि ओबीसी प्रवर्गातल्या, आठ लाखांपर्यंत वार्षिक उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण आणि परीक्षा शुल्क पूर्ण माफ झालं. प्रवेश कॅपमधून हवा, आणि अभिमत व स्वयंअर्थसहाय्यित विद्यापीठं यातून वगळलेली. एकाच गावात त्यामुळे दोन हिशेब झाले. निमझरी नाक्याला जाणाऱ्या मुलीला सवलत, बाभुळद्याला जाणाऱ्या तिच्या मैत्रिणीला नाही.

आता पर्यायांचा अर्ज. घर खरं ढवळून निघतं ते इथे. जास्तीत जास्त ३०० पर्याय भरता येतात. बापाला कॉम्प्युटर हवं, मग कॉलेज कुठलंही चालेल. आईला कॉलेज घरापासून एका बसच्या अंतरावर हवं, शाखा कुठलीही. मामा म्हणतो, पुण्यात या, राहायचं मी बघतो. शेजारच्या एका दादाला मेकॅनिकल करून नोकरी लागली नव्हती, ही गोष्ट दर अर्ध्या तासाने निघते. मुलाला काय हवं ते विचारलं जातं, पण बहुधा रात्री अकरानंतर, सगळे थकल्यावर.

या बैठकीत एक समजूत हटकून डोकं वर काढते : ‘सीओईपी पहिलं टाकलं आणि नाही लागलं, तर जवळचंही जाईल.’ असं होत नाही. संगणक गुणवत्ता क्रमांकाने खाली येत जातो. आपली पाळी आली की पहिला पर्याय शिल्लक आहे का पाहतो, नसेल तर दुसरा, मग तिसरा. अवघड पर्याय वर ठेवल्याने खालचा गमावत नाही. यामागचं गणित जुनं आहे. डेव्हिड गेल आणि लॉइड शॅप्ली या दोघांनी १९६२ साली एक छोटा शोधनिबंध लिहिला, त्याचा विषयच महाविद्यालयीन प्रवेश हा होता. किती जणांना बोलावलं तर किती येतील हे कॉलेजला कळत नाही, आणि मनातला क्रम खरा सांगावा की नाही हे मुलाला कळत नाही, इथून ते सुरुवात करतात. अर्ज करणाऱ्या मुलाला खोटा क्रम लावायची गरज पडत नाही अशी वाटपाची रीत त्यांनी मांडली. या वाटेवरच्या कामासाठी शॅप्ली आणि ॲल्विन रॉथ यांना २०१२ मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं. आयआयटी-एनआयटीची ‘जोसा’ ही संयुक्त प्रक्रिया २०१५ पासून याच घराण्यातल्या गणितावर चालते.

महाराष्ट्राने मात्र त्यावर आपली एक पाचर मारून ठेवली आहे, आणि तिची भीती रास्त आहे. २०२५-२६ मध्ये फेऱ्या तीनच्या चार झाल्या. पहिल्या फेरीत पहिला पर्याय मिळाला तर तो आपोआप पक्का. दुसऱ्या फेरीत पहिल्या तिनांपैकी कुठलाही, तिसऱ्या फेरीत पहिल्या सहांपैकी कुठलाही मिळाला की पक्का. नाकारलं तर पुढच्या फेऱ्या बंद. त्याखालचं काही मिळालं तर हजार रुपये भरून जागा धरायची आणि वरच्यासाठी थांबायचं. वरचं मिळालं की हातातली जागा आपोआप दुसऱ्याला जाते, परत मागता येत नाही. म्हणजे पहिले सहा पर्याय निव्वळ हौसेचे असून चालत नाहीत. तिथे जाऊन चार वर्षं काढायची आईबापांसह सगळ्यांची तयारी हवी. ‘बघू तर खरं लागतं का’ म्हणून चौथ्या नंबरावर टाकलेलं कॉलेज दुसऱ्या फेरीत लागलं तर सोडता येतं, तिसऱ्या फेरीत लागलं तर गळ्यात पडतं. हा फरक माहितीपुस्तिकेत लिहिलेला असतो. ती पुस्तिका शेवटपर्यंत वाचणारं माणूस घरात असणं हीसुद्धा एक ऐपतच म्हणायची.

फेऱ्या अनेकदा श्रावणात येतात, आणि खानदेशात श्रावणात कानबाईचा उत्सव असतो. नागपंचमीनंतरच्या रविवारी घराघरांत कानबाई बसते, रोटांसाठी भाऊबंद एकत्र येतात, बाहेरगावी नोकरीला असलेले परततात. वर्षभरात न भेटलेले पन्नास नातेवाईक एका छताखाली, आणि त्यातल्या प्रत्येकाला एकच प्रश्न पडलेला. मुलगा पाहुण्यांना पाणी द्यायचं टाळून गच्चीवर जाऊन बसतो. चुलतभावाला कमी पर्सेंटाइलवर वेगळ्या प्रवर्गातून चांगलं कॉलेज लागलं असेल तर बोलणी टोचरी होतात. एरवी राजकीय भाषणांत ऐकू येणारा आरक्षणाचा वाद इथे एकाच ओसरीवर बसलेला असतो. एखादी शहाणी काकू विषय बदलते, आणि त्या दिवसापुरती तिचीच मदत सर्वांत मोठी.

दरम्यान पैशाचंही एक वाट पाहणं चालू असतं. जोसाची किंवा एखाद्या अभिमत विद्यापीठाची जागा कॅपच्या आधी हाती येऊ शकते. फी भरावी की थांबावं? एआयसीटीईच्या, म्हणजे अखिल भारतीय तंत्रशिक्षण परिषदेच्या, नियमानुसार ठरलेल्या मुदतीच्या आत प्रवेश रद्द केला, तर जास्तीत जास्त हजार रुपये कापून बाकी फी परत करणं महाविद्यालयाला बंधनकारक आहे. पण परत मिळणारे पैसे आणि आज भरायचे पैसे यांच्यामधले आठवडे कुठून काढायचे, हा प्रश्न नियमात येत नाही. कपाशीचं उत्पन्न दिवाळीच्या आसपास हातात येतं, फी ऑगस्टमध्ये मागतात.

आणि टेबलापलीकडेही कुणी निवांत नसतं. खाजगी महाविद्यालयांत जागा रिकाम्या राहण्याची धास्ती राज्याने २०१० नंतरच्या दशकात भरपूर पाहिली. आता कॉम्प्युटर, एआय, डेटा सायन्सकडे झुंबड आहे. २०२४-२५ पासून एआयसीटीईने चांगल्या संस्थांसाठी प्रवेशसंख्येची वरची मर्यादा काढल्यावर मोठ्या शहरांत याच शाखांच्या जागा वाढल्या. पुण्यात एक नवी तुकडी उघडली की खालच्या गावांतल्या कॉलेजांची यादी एक पायरी खाली सरकते. दुसऱ्या फेरीत आलेला मुलगा तिसऱ्या फेरीत राहील का, हे कॉलेजच्या प्राध्यापकालाही ठाऊक नसतं. सिव्हिल, मेकॅनिकलच्या विभागात ही चिंता जास्त. म्हणून मेपासूनच समुपदेशन शिबिरं भरतात, फ्लेक्स लागतात, आणि फोन येतात. शिरपूर-धुळ्यातल्या पालकांना जूनमध्ये येणारे ‘सर बोलतोय’ म्हणणारे निम्मे फोन हे कॉलेजांच्या धास्तीचेच असतात.

चौथ्या फेरीत जे लागेल ते पक्कं. त्यानंतर संस्था स्तरावरच्या आणि उरलेल्या जागांच्या जाहिराती येतात, आणि तोवर पुण्याच्या वसतिगृहाचा भाव ऐकून आलेले काही पालक निमझरी नाक्याला चौकशीला परततात. त्याच सुमाराला पॉलिटेक्निक झालेल्या मुलांची थेट दुसऱ्या वर्षाची प्रवेश प्रक्रियाही चालू असते. दहावीनंतर धुळ्याच्या किंवा जळगावच्या शासकीय तंत्रनिकेतनात गेलेली ही मुलं सीईटी न देता, डिप्लोमाच्या गुणांवर दुसऱ्या वर्षाला येतात. पहिल्या वर्षाच्या यादीत ज्या कॉलेजने दार लावून घेतलं, तिथेच ती कधी कधी बसतात. गावात अशी उदाहरणं वाढली आहेत, आणि दहावीला असलेल्या धाकट्याच्या बाबतीत काय करायचं याची बोलणी थोरल्याचा नंबर लागायच्या आधीच सुरू होतात.