हायपरलॅन : वेगाचा आकडा आणि वेळेची हमी

वाय-फायचं उपकरण विकत घेताना आपण खोक्यावरचा वेगाचा आकडा पाहतो. आकडा मोठा म्हणजे क्षमता मोठी, असं आपण धरून चालतो. हे गृहीतक तपासायला युरोपातल्या हायपरलॅन मानकांचं उदाहरण फार चांगलं आहे.

आधी मानक म्हणजे काय? वेगवेगळ्या कंपन्यांची उपकरणं एकमेकांशी बोलू शकावीत म्हणून आधीच लिहून ठेवलेला करार. युरोपात दूरसंचाराचे असे करार एट्सी ही १९८८ साली स्थापन झालेली संस्था करते. तिने हायपरलॅनचं पहिलं मानक १९९६ मध्ये मंजूर केलं. पट्टा ५ गिगाहर्ट्झचा, वेग सेकंदाला सुमारे २३.५ मेगाबिट. अमेरिकेत मुख्यालय असलेल्या आयट्रिपलई संस्थेचं पहिलं ८०२.११ मानक आलं १९९७ मध्ये, आणि त्याचा वेग होता १ किंवा २ मेगाबिट. म्हणजे आकड्यात युरोप कितीतरी पुढे होता.

पुढे हा फरक मिटला. १९९९ चं ८०२.११ए आणि २००० चं हायपरलॅन-२, दोन्ही ५४ मेगाबिटची. पट्टाही तोच, आणि माहिती अनेक बारीक उपवाहकांवर वाटून पाठवायची पद्धतही जवळपास तीच. मग वेगळं काय? तर कोणी केव्हा बोलायचं, याचा नियम.

८०२.११ ची मूळ रीत पारावरच्या गप्पांसारखी आहे. कोणी बोलत नाही ना, हे ऐकायचं, थोडं थांबायचं आणि बोलायचं. दोघं एकदम बोलले तर दोघांचंही बोलणं वाया. पुन्हा थांबा, पुन्हा प्रयत्न करा. माणसं चार असतील तर हे छान चालतं. चाळीस झाली की आपली पाळी केव्हा येईल, हे सांगता येत नाही.

हायपरलॅन-२ मध्ये सभेला अध्यक्ष असतो. मधलं केंद्र वेळेचे २ मिलिसेकंदांचे तुकडे पाडतं. ज्याला बोलायचं आहे तो जागा मागतो, आणि या तुकड्यात कोणी केव्हा बोलायचं ते केंद्र सुरुवातीलाच जाहीर करतं. त्यामुळे आवाज किंवा चित्रफीत यांच्यासाठी जागा राखून ठेवता येते. आता बघा, ५४ हा आकडा दोन्हीकडे आहे. पण एकीकडे ती शक्यता आहे, तर दुसरीकडे वेळेच्या हमीचाही विचार आहे. तर्कशास्त्रात ‘शक्य’ आणि ‘निश्चित’ यांत आपण जो भेद करतो, तोच हा.

मग हायपरलॅन-२ बाजारात का रुजलं नाही? अध्यक्ष नेमायचा तर नियम वाढतात, उपकरण गुंतागुंतीचं होतं. तोवर ८०२.११बी ची ११ मेगाबिटची साधी उपकरणं लोकांच्या हातात पोचू लागली होती. ई-मेल वाचायला हमी लागत नव्हती. आणि करार कितीही उत्तम असला तरी समोरचाही तोच करार पाळणारा हवा ना?

पण म्हणून ते विचार वाया गेले असं आम्हाला वाटत नाही. ५ गिगाहर्ट्झच्या पट्ट्यात रडारही चालतात. रडारचा संकेत ऐकू आला की वाहिनी बदलायची आणि गरजेपुरतीच शक्ती वापरायची, हे हायपरलॅन-२ मध्ये होतं. युरोपचे हेच नियम पाळता यावेत म्हणून २००३ मध्ये ८०२.११एच ही पुरवणी आली. आणि २०२१ मध्ये मंजूर झालेल्या ८०२.११एएक्स, म्हणजे वाय-फाय ६ मध्ये, उपकरणांना पाळी वाटून देण्याची सोय केंद्राकडे आली. गर्दी वाढली, तशी पारावरही अध्यक्षाची गरज भासली!

तेव्हा यापुढे वेगाचा आकडा दिसला की आपण दोन प्रश्न विचारायला हवेत. हा वेग किती जणांत वाटला जाणार? आणि पाळी कोण ठरवणार? क्षमतेचा खरा अर्थ त्या उत्तरांत आहे.