लहरींचा सामायिक वापर : बेशाच्या घराघरात दूरध्वनी पोहोचावा म्हणून

नागपूरच्या दक्षिणेस, वर्धा मार्ग आणि उमरेड मार्ग यांच्या दरम्यान वसलेले बेसा हे मूळचे शेतीचे गाव. आता तेथे शेतांच्या जागी इमारती उभ्या राहिल्या आहेत. अशा वाढत्या वस्तीत भ्रमणध्वनीची गरज दुहेरी असते. सिमेंटच्या भिंतींआड आवाज पोहोचला पाहिजे आणि एकाच वेळी शेकडो लोकांचे काम भागले पाहिजे.

या दोन्ही गरजा एकच लहर भागवू शकत नाही. ७०० किंवा ९०० मेगाहर्ट्झच्या लहरी दूरवर जातात, भिंतीही बऱ्यापैकी भेदतात. परंतु तेथे पट्टा अरुंद असल्याने वाहतूक मर्यादित राहते. ३,३०० मेगाहर्ट्झच्या पट्ट्यात जागा ऐसपैस असते, मात्र पल्ला कमी पडतो. विहीर आणि कालवा या दोहोंचे पाणी असलेला शेतकरी जसा निर्धास्त असतो, तशी दोन्ही पट्टे जवळ असलेली कंपनी सुस्थितीत असते.

परंतु प्रत्येक कंपनीकडे प्रत्येक पट्टा पुरेसा असतोच असे नाही. लहरींचे हक्क परवाना क्षेत्रानुसार लिलावाने दिले जातात. नागपूर हे मुंबई वगळून असलेल्या महाराष्ट्र क्षेत्रात येते. सन २०१५ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी दोन कंपन्यांना लहरी वाटून वापरण्यास मुभा दिली; अट मात्र अशी, की दोघींकडे एकाच पट्ट्यातील लहरी असाव्यात. त्यामुळे समजा एकीकडे केवळ ९०० चा व दुसरीकडे केवळ ३,३०० चा पट्टा असेल, तर त्यांची सांगड घालता येत नव्हती.

हा अडसर दूर व्हावा म्हणून भारतीय दूरसंचार नियामक प्राधिकरणाने एप्रिल २०२४ मध्ये भिन्न पट्ट्यांतील लहरींच्या सामायिक वापरास परवानगी देण्याची शिफारस केली. तसे झाल्यास दोन्ही कंपन्यांच्या ग्राहकांना दोन्ही पट्ट्यांचा लाभ मिळू शकतो. अर्थात, शिफारस म्हणजे आदेश नव्हे, आणि सहकार्य वाढताना स्पर्धा लोपणार नाही, हेही पाहावे लागते.

लहरी ही सार्वजनिक मालमत्ता आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९५ मध्येच स्पष्ट केले आहे. ती पडून राहणे म्हणजे लोकांचेच नुकसान होय. तथापि लहरींना मनोरा लागतो आणि मनोऱ्याला जागा. मार्गहक्काचे नवे नियम १ जानेवारी २०२५ पासून अंमलात आले आहेत. मनोऱ्याचा अर्ज समोर येताच स्थानिक सदस्यांनी नियम वाचून वेळेत निर्णय दिला आणि शिक्षकांनी लोकांच्या शंकांना शास्त्रीय उत्तरे दिली, तर या धोरणाचा लाभ वस्तीच्या शेवटच्या घरापर्यंत पोहोचण्यास मोठे साहाय्य होईल.